पोळ्यापासून होळीपर्यंतचं बेट

वाशिम जिल्ह्यात बेटं आहेत असं सांगितलं की बाहेरचा माणूस आधी हसतो आणि मग मोबाइलवर नकाशा उघडतो. नकाशात त्याला ती दिसतात की नाही, हे वरून फोटो कोणत्या महिन्यात काढला त्यावर अवलंबून असतं. नोकरीची शेवटची दोन वर्षं मी ही एकच गोष्ट माणसांना पटवण्यात घालवली.

मी मूळची रिसोडची. जिल्ह्याच्या गावी एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं आराखडे केले. आराखडा म्हणजे नक्की काय, असं माझी धाकटी बहीण मला अजून विचारते. तिला मी सांगते, घरी लग्न निघालं की तू काय करतेस? माणसं किती, येणार कधी, बसणार कुठे, पाणी कुठून आणायचं आणि सगळी एकदम उठली तर दारातून बाहेर कशी पडणार. तेच मी सरकारसाठी करते. फक्त आमच्याकडे वरमाई कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. जत्रेचा आराखडा केला, आठवडी बाजाराचा केला, बसस्थानकासमोरच्या रस्त्याचा तर तीनदा केला. निम्मे कपाटातच राहिले. जे प्रत्यक्षात उतरले तिथे आजही गेले की आधी मुतारी शोधते. ती वापरात असेल तर काम बरं झालं असं समजते. प्रवेशद्वाराची कमान काय, कोणीही काढतं.

शेलूबाजारहून जीपने अर्ध्या तासावर एक धरण आहे. ते झालं तेव्हा कवठाळी नावाचं गाव पाण्याखाली गेलं आणि वरच्या माळावर नवी कवठाळी वसली. जुन्या गावाशेजारच्या तीन टेकड्या तेवढ्या पाण्यावर डोकं काढून राहिल्या. एक मोठी टेकडी, एक मधली आणि तिसरी खळ्याची, कारण तिच्यावर गावाची खळी होती. मोठा महामार्ग झाल्यावर नागपूर-अकोल्याच्या गाड्या वाट वाकडी करून तिथे येऊ लागल्या. दिवाळीच्या सुट्टीत काठावर गाडी लावायला जागा मिळेना. लोक मासे धरणाऱ्यांना हात करून बोलवत आणि त्यांच्या डोंग्यात बसून टेकडीवर जेवायला जात. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "मॅडम, बीच कोणत्या बाजूला?" मी म्हटलं, "समोर हिरवं दिसतंय ती तूर आहे. तिच्या पलीकडे पाणी."

मग वरून आदेश आला. या तीन बेटांच्या पर्यटनाचा पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा करायचा. त्यासाठी पुण्याचे सल्लागार नेमले गेले. सौरभ त्यांचं नाव. तिशी ओलांडलेले, हुशार आणि कायम घाईत. ऑक्टोबरमध्ये ते दोन दिवस येऊन पाहून गेले आणि महिनाअखेरीला त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मोठ्या टेकडीवर रिसॉर्ट, खळ्याच्या टेकडीवर साहसी खेळ, मधल्या टेकडीवर नवविवाहितांसाठी बारा कॉटेज. चहूबाजूंनी निळंशार पाणी. काठाला नारळाची झाडंही होती. मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं, पण आमच्या मोठ्या साहेबांना चित्र मनापासून आवडलं होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं.

मी हात वर केला. "हे फोटो ऑक्टोबरमधले आहेत ना? मे महिन्यात इथे काय असतं?"

सौरभ म्हणाले, "पाण्याची पातळी थोडी कमी होत असेल."

"थोडी म्हणजे किती?"

ते कागद चाळू लागले. साहेब म्हणाले, "ते तपशील नंतर बघू."

बैठक संपल्यावर माझे अधिकारी मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "बाई, तुमची दोन वर्षं राहिली. फेब्रुवारीत फाइल वर पाठवायची आहे. आता नवीन काही काढू नका." ते वाईट माणूस नव्हते. पण थोडी म्हणजे किती, हे कळल्याशिवाय त्या कागदावर सही करायची नाही, हे मी त्याच व्हरांड्यात ठरवलं.

पुढच्या रविवारी शेलूबाजारला उतरून जीपने धरणावर गेले. काठावर नामदेवभाऊ जाळं दुरुस्त करत बसले होते. साठीचा माणूस, तिथल्या मासेमारी संस्थेचे अध्यक्ष, जन्म जुन्या कवठाळीतला. मी विचारलं, "भाऊ, या टेकड्यांभोवती वर्षभर पाणी असतं का?"

"वर्षभर?" त्यांनी सुई थांबवली. "म्याडम, पोळ्यापासून होळीपर्यंत बेट हाये. मंग खालच्या गावाईले पानी सोडते. तवा थे बेट नाई राह्यत, टेकडी राह्यते. मे महिन्यात माही बकरी चालत जाते तिकडे."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"इचारलं कोनी? थे पुन्याचे साहेब आले, डोंग्यात बसले, फोटो काढले, गेले. मले म्हने, काका, जरा बाजूले व्हा, फोटोत येऊन राह्यले तुमी."

मी त्यांना म्हटलं, मला दर महिन्याला एकदा टेकड्यांभोवती फिरवा. पाणी कुठपर्यंत आहे तिथे आपण खुणेचा बांबू ठोकू. बारा महिने, बारा खुणा. ते म्हणाले, "सरकारी काम हाये का तुमचं सोताचं?"

"अजून माझंच आहे."

"मंग येतो," ते म्हणाले.

अशा रीतीने माझे रविवार गेले. रजा नाही, गाडी नाही. पहिल्या एसटीने जायचं, दुपारच्या जीपने परतायचं. नामदेवभाऊ वल्हवत, मी वहीत लिही. त्यांच्या बायको पंचफुलाबाई काठावर चुलीवर मासे तळत, आणि आलेल्या गाड्यांतली माणसं मोजायचं काम मी त्यांच्यावर सोपवलं. त्या शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. पण किती उतरले, किती डोंग्यात बसले, किती झुडपामागे गेले, हे सगळं त्या वेगवेगळ्या खड्यांच्या ढिगांनी मोजत. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी चोख आकडेवारी मला कोणत्याही विभागाकडून मिळाली नाही. तिसऱ्या ढिगाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "म्याडम, हे सगळे झुडपामांगचे. आन् हेच पानी खालची गावं पेतात." आराखड्यातला सगळ्यात मोठा प्रश्न त्या ढिगात होता.

जानेवारीत नव्या कवठाळीत ग्रामसभा घेतली. आराखडा लोकांना वाचून दाखवायचा असा नियम आहे. बहुतेक वेळा सह्या घेऊन तो पाळला जातो. मी खरंच वाचला. मधल्या टेकडीवर आले तेव्हा पुढे बसलेल्या अंजनामाय म्हणाल्या, "थांब. मधल्या टेकडीवर काय बांधून राह्यले तुमी?" ऐंशीच्या घरातली बाई, आवाज मात्र खणखणीत.

"नवीन लग्न झालेल्यांसाठी राहायच्या खोल्या आहेत, माय."

मग मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. अंजनामाय हसल्या नाहीत.

"तिथं आमची मसनवट होती," त्या म्हणाल्या. "माह्या सासूले तिथंच जाळलं. माहा पयला पोरगा तिथंच पुरला. पानी आलं, घर गेलं, वावर गेलं, देवळाचा कळस बी गेला. तेवढी एक जागा वर राह्यली. मी इथून रोज पाहतो तिकडे. आन् तुमी तिथं नवरानवरीले झोपवता?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. सल्लागार येण्याआधीच्या आमच्या पाहणीच्या कागदावर ती जागा 'पडीक, सपाट, बांधकामास योग्य' अशी लिहिलेली होती, आणि त्याखाली माझीही सही होती.

"आम्हाला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"मंग आता झालं माहीत," त्या म्हणाल्या. "आता काय करतं सांग."

त्या सभेत सगळे माझ्या बाजूचे नव्हते. गावातले काही जण उठून म्हणाले की रिसॉर्ट आलं तर लोकांना कामं मिळतील, ऊस तोडायला परजिल्ह्यात जावं लागणार नाही, मढी कायमची कुरवाळत बसायची का? त्यांचंही खोटं नव्हतं. मी दोन्ही बाजू लिहून घेतल्या. त्याच आठवड्यात फाइलवर टिपण ठेवलं. मधली टेकडी वगळावी. आणि होळीनंतर पाणी हटल्यावर वरून वाळलेला, आतून ओला गाळ राहतो. लोक टेकडीकडे चालत जाऊ बघतील, तिथे धोक्याच्या पाट्या लावाव्यात. टिपण वर गेलं. मी माझं काम झालं असं समजले.

होळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी आणि नामदेवभाऊ महिन्याचा बांबू ठोकत होतो. मोठ्या टेकडीपर्यंतचं पात्र उघडं पडलं होतं. वरचा थर उन्हानं तडकून भाकरीच्या पापुद्र्यासारखा उचलला होता. कोणीही म्हणेल, कोरडी जमीन आहे. अकोल्याचं एक कुटुंब गाडीतून उतरलं. नवरा, बायको, दहा-बारा वर्षांची मुलगी आणि म्हातारे आजोबा. आजोबा उत्साही, सगळ्यांच्या पुढे. आम्ही बऱ्याच अंतरावर होतो. नामदेवभाऊंनी पाहिलं आणि ओरडले, "ओ बाबा! थांबा! पुढं गारा हाये, पाय फसते!"

तोवर आजोबा मांडीपर्यंत गेले होते. त्यांचा मुलगा त्यांना ओढायला धावला आणि तोही गुडघ्यापर्यंत रुतला. पाय काढायला धडपडला की आणखी खाली जात होता. बायको काठावरून किंचाळत होती, मुलीनं तिचा हात घट्ट धरला होता.

"हालू नका!" नामदेवभाऊ पळता पळता सांगत होते. "बाबा, मांगं रेला! पाठ टेकवा! पोराले धरू नका!"

पंचफुलाबाई तोपर्यंत वस्तीकडे सुटल्या होत्या. पाच-सात माणसं आली ती दोन बाजा, दाराची एक फळी आणि कडब्याच्या पेंढ्या घेऊन. कडबा पसरला, त्यावर बाज उपडी टाकली, त्यापुढे दुसरी. नामदेवभाऊ तिच्यावर पोटावर झोपून सरपटत पुढे गेले. आजोबा आता कमरेपर्यंत होते. नामदेवभाऊ दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीभोवतीचा गाळ उपसत होते आणि एकसारखं बोलत होते, "बाबा, गाव कोनतं तुमचं? पोरं किती? सोयाबीन कसं झालं औंदा?" आजोबा उत्तरं देत होते. त्यांचा श्वास चालू राहावा म्हणून ते बोलणं होतं, हे मला नंतर कळलं. मी काठावर उभी राहून बाजेला बांधलेला दोर धरला होता. माझ्या हातांना त्याशिवाय काहीच येत नव्हतं.

तासाभरानं दोघं बाहेर आले. आजोबा फळीवर बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "माझी एक चप्पल राहिली." त्यांची सून माझ्याकडे वळली. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावरून तिनं ओळखलं असावं. "तुम्ही सरकारी आहात ना? इथं एक पाटी का नाही लावली?"

तिला काय सांगणार? की पाटीचं टिपण दोन महिन्यांपूर्वी वर गेलंय? चार फूट पत्रा आणि दोन बांबू, एवढंच लागत होतं. धोका मला दिसला होता, मी तो शुद्ध मराठीत लिहिला होता आणि मंजुरीची वाट पाहत बसले होते. एकतीस वर्षांत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण ही मला अजून बोचते. या चुकीला मी त्या दिवशी नाव दिलं: काहीच न करणं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. शेलूबाजारच्या पेंटरकडून तीन पाट्या रंगवून घेतल्या. 'पुढे गारा आहे. माणूस फसतो. पाय टाकू नका.' पेंटर म्हणाला, "म्याडम, गाळ लिहू का? शुद्ध वाटते." मी म्हटलं, "दोन्ही लिही. शहरातला वाचेल तो गाळ, इथला वाचेल तो गारा." नामदेवभाऊंनी आणि मी त्या ठोकल्या. आठवड्यानं मला पत्र आलं, विनापरवानगी फलक लावल्याबद्दल खुलासा करावा. मी एका ओळीत खुलासा केला. फलक मी लावले असून ते काढायचे असल्यास काढणाऱ्याने तिथून टेकडीपर्यंत स्वतः चालत जाऊन खात्री करावी. पुन्हा पत्र आलं नाही. मात्र अपघाताची बातमी पेपरात आली होती. फेब्रुवारीत जायची राहिलेली फाइल साहेबांनी स्वतःच थांबवली आणि माझी मोजणी पूर्ण होऊ द्या म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी मी सौरभना बोलावून घेतलं. ऑक्टोबरमध्ये ते जिथे उभे राहून फोटो काढत होते त्याच दगडावर उभं केलं. समोर पाणी नव्हतं. भेगाळलेली काळी जमीन, तिच्यात जुन्या कवठाळीच्या घरांची जोती आणि एका विहिरीचा कठडा. दूर टेकडीवर शेळ्या चरत होत्या. त्यांनी पाट्या टाळून बाजूनं पाऊल टाकून पाहिलं. बूट आत राहिला, पाय मोज्यासकट वर आला. ते बाभळीखाली बसून मोज्याचा गाळ पुसू लागले.

"मॅडम, मला हे कोणी दाखवलंच नाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. विचारलं होतंत," ते म्हणाले, आणि मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांनी त्या संध्याकाळी अंजनामायच्या ओसरीवर बसून मधल्या टेकडीची सगळी हकिगत ऐकून घेतली. पुढचे पाच महिने आम्ही दोघांनी नवा आराखडा केला. नारळ त्यांनी स्वतःच्या हातानं पुसले.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा बैठक. सौरभनी एकाच जागेवरचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमचं म्हणणं, पाच महिने बेट बंद ठेवायचं?"

"बंद नाही साहेब. त्या महिन्यांत बेटच नसतं."

"आणि दिवसाला फक्त ऐंशी माणसं? लोक परत जातील."

मी त्यांना आमच्या धंद्यातली साधी गोष्ट सांगितली. कोणत्याही जागेत माणसं किती मावतात हे मैदानाच्या आकारावरून ठरत नाही, तिथल्या सगळ्यात अरुंद गोष्टीवरून ठरतं. लग्नमंडप केवढाही असो, पाण्याचा नळ एक असेल तर माणसं तेवढीच. इथे नळाच्या जागी संडास आहे. टेकडीवर बांधला तर तो खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात उतरणार. म्हणून संडास काठावर, टेकडीवर नाही. माणूस दोन तासांत परत आलाच पाहिजे. संस्थेच्या डोंग्यांतून, जाकीट घालून, दोन तासांच्या फेरीत आणायची-न्यायची तर दिवसाला ऐंशी होतात. मुक्काम टेकडीवर नाही, नव्या कवठाळीत लोकांच्या घरी. मधल्या टेकडीवर कोणीही उतरायचं नाही.

"ऐंशीचे शंभर करा," साहेब म्हणाले.

"तुम्ही लिहून दिलंत तर करते. पण एक्याऐंशीवा माणूस कुठे जाईल तेही लिहून द्या."

साहेबांनी आकड्यावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी सही केली.

सगळं मनासारखं झालं असं समजू नका. मोठ्या टेकडीवर सिमेंटचा एक भला मोठा बदाम उभा राहिला, फोटो काढायला. मी तीनदा लेखी विरोध केला. तो आहे. त्याच्या सावलीत शेळ्या बसतात, तेवढा त्याचा उपयोग. नव्या कवठाळीत बारा घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली, आणि तरीही दसरा झाला की काही कुटुंबं ऊसतोडीला जातातच. त्यातला एक जण मला भर चौकात म्हणाला, "बाईनं आमचं हाटेल घालवलं." मी त्याच्याशी वाद घातला नाही. कागदावर त्याच्या घराला काय मिळालं, ते मला दाखवता आलं नसतं.

मी निवृत्त झाले. त्यानंतरच्या दिवाळीत बहिणीला घेऊन गेले, तिला एकदाचं कळावं आराखडा म्हणजे काय. दुपारचे दोन वाजले होते. काठावर पत्र्याची लहान खिडकी, आत पंचफुलाबाई. त्यांच्यापुढे वही होती, खडे नव्हते. आमच्या पुढे एका पुढाऱ्याची माणसं हुज्जत घालत होती, आणि त्या शांतपणे म्हणत होत्या, "आजचे ऐंशी झाले, भाऊ. कोनाचा बी फोन लावा." ते पाय आपटत गेले. मग त्यांनी मला पाहिलं. चेहरा फुलला आणि लगेच पडला.

"म्याडम, तुमी... ऐंशी झाले ना वो."

बहीण कोपरानं ढोसत म्हणाली, "अगं, सांग ना तिला, हे सगळं तूच केलंयस."

"तिला माहीत आहे," मी म्हटलं. "उद्या किती वाजता उघडता, पंचफुलाबाई?"

"आठले. पन तुमच्यासाठी..."

"आठला येतो."

नव्या कवठाळीतच मुक्काम करायचं ठरवलं. बहीण फुगून बसली होती, तिला मासे तळून मिळाले तेव्हा जरा निवळली. मी काठावरच्या दगडावर बसले. ऊन उतरलं तसे डोंगे परतू लागले. लाल जाकिटातली माणसं, एकेक करून, नामदेवभाऊंचा हात धरून उतरत होती. मी मोजायला लागले. पाच वाजता शेवटचा डोंगा लागला. ऐंशीवी एक लहान मुलगी होती, झोपेनं डोळे मिटलेली, बापाच्या खांद्यावर. तिचे पाय जमिनीला लागले नाहीत, तरी मी ती मोजणीत धरली. मग उठले आणि गावाकडे निघाले.